बंद नाकाचं वर्ष

मला वास येत नाही हे घरात सगळ्यांत आधी कळलं ते आतेला, आणि तेही तिरफळांमुळे. आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून ती माहेरी परतली आणि आमच्या चुलीची मालकीण झाली. माझी आई विजयदुर्गकडची, समुद्राकाठची. मासे पारखण्यात तिचा हात कोणी धरला नसता, पण आतेपुढे तिने चुलीवर कधी हक्क सांगितला नाही. त्या दिवशी बांगडे आले होते. आते मागच्या दाराशी वाऱ्यात बसून पाटा धूत होती आणि मी चुलीशी वाकून टोपातलं बांगड्यांचं तिखलं ढवळत होते. तिने पाठमोरीच विचारलं, "नले, तिरफळा घातलंय काय गो मी? की इसारलंय?" माशांत घालायच्या या मसाल्याच्या तिरफळांचा वास असा, की उकळायला लागली तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आमच्याकडे आज काय शिजतंय ते कळावं. माझं तोंड त्या वाफेत होतं, आणि मी म्हटलं, "नाय घातलंस." आतेने आणखी मूठभर घातली. जेवताना बाबांनी पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. त्यांची जीभ मेल्यासारखी झाली होती. आते मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. "चेडवा," ती म्हणाली, "तुझा नाक खंय आसा?"

नाक जागेवरच होतं, पण बंद होतं. कधीपासून ते मला सांगता आलं नाही. आधी एक नाकपुडी, मग दुसरी, मग आलटून पालटून, आणि शेवटी दोन्ही कायमच्या. सर्दी झाली की आठवड्यात जाते, ही जातच नव्हती. मी सतरा वर्षांची होते आणि त्या वर्षातलं माझ्या अंगाला सगळ्यांत जास्त काय आठवत असेल तर ती अस्वस्थता. एका जागी बसवत नसे. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचा, त्याने घसा कोरडा पडायचा, मग पाणी प्यायचं, पाणी पिताना श्वास थांबायचा, मग उठून अंगणात फेऱ्या मारायच्या. जेवतानासुद्धा घास गिळायचा की हवा घ्यायची हे ठरवावं लागे. पुस्तक घेऊन पडवीत बसले की दहा ओळींनंतर मी उठून रस्त्यापर्यंत जाऊन येई. आमचं घर फोंडाघाटच्या बाजाराच्या टोकाला, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच होतं. वर चढणाऱ्या गाड्यांचे गिअर बदलल्याचे आवाज दिवसभर येत. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर–मालवण गाडीवर. त्यांची गाडी घाट उतरताना कशी वाजते हे आते लांबून ओळखायची. मला त्या आवाजाचाही राग यायचा. एवढं मोठं धूड धापा टाकत का होईना घाट चढून जातं, आणि मला बसल्या जागी हवा मिळू नये!

बोलणंही बिघडलं. 'न'चा 'द' झाला आणि 'म'चा 'ब'. मी कणकवलीला अकरावीत शिकत होते. नव्या बाईंनी पहिल्या दिवशी नाव विचारलं आणि मी उभी राहून म्हटलं, "दलिदी." माझं नाव नलिनी. वर्ग असा हसला की बाईंनाही हसू आवरेना. त्यानंतर मी हजेरीला नुसता हात वर करू लागले. मैत्रिणींशी बोलताना 'न' आणि 'म' नसलेले शब्द शोधू लागले. मराठीत ते किती थोडे आहेत हे ज्याने शोधले असतील त्यालाच ठाऊक.

उपाय पुष्कळ झाले. आतेने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून कपाळ शेकलं, निलगिरीच्या पाण्याची वाफ दिली, तुळशीचा रस नाकात पिळला. बाजारातला एक माणूस बाबांना म्हणाला की पोरीच्या नाकात मांस वाढलंय, आणि त्याच्या ओळखीचा कोणी काडीला औषध लावून ते जाळून टाकतो. आई आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. परक्या माणसासमोर ती सहसा बोलत नसे. सरकारी कचेरी असो की दवाखाना, ती डोक्यावरून पदर ओढून बाबांच्या मागे उभी राही. त्या दिवशीही ती बोलली नाही, पण माणूस गेल्यावर बाबांना म्हणाली, "जाळूक देवचंय नाय. नाक काय गवताचा आसा?" आज मी तिच्या त्या वाक्याला हात जोडते. पुढे एका दवाखान्यात असंच जाळून घेतलेलं एका बाईचं नाक मी डॉक्टरांच्या दुर्बिणीच्या पडद्यावर पाहिलं आहे. आतल्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटून गेल्या होत्या.

मग काजूच्या हंगामातला तो दिवस आला. अंगणात पत्र्यावर काजू भाजायचं काम चाललं होतं. टरफलांतलं तेल पेट घेऊन उडत होतं, आणि त्याचा तिखट काळा धूर घरभर भरला होता. मला सकाळपासून भुवयांच्या मध्ये आणि डोळ्यांखाली ठणका लागला होता. एरवी बाम चोळून भागायचं, पण त्या दिवशी मी इतक्या येरझाऱ्या घालत होते की आईला बघवेना. तिने दुकानातून आणलेल्या डोकेदुखीच्या सुट्या गोळ्यांमधल्या दोन माझ्या हातावर ठेवल्या. "घे आणि वायच पड," म्हणाली. जेवणात बांगडाच होता. जेवून, गोळ्या घेऊन मी पडवीत आडवी झाले. अर्ध्या-पाऊण तासाने नाकातून पाणी वाहू लागलं, नळ सोडल्यासारखं. डोळे लाल झाले, चेहरा तापला. आणि मग छाती कोणीतरी दोरखंडाने आवळायला घेतली. हवा आत जात होती थोडी, पण बाहेर येत नव्हती. मी उठून बसले, खांबाला धरलं, आणि माझ्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

"नले! गो नले! काय होता तुका?" आई ओरडली. आते अंगणातून धावत आली. "काजीचो धूर गेलो छातीत! पाणी हाड!" पाणी तोंडातून परत आलं. शेजारचं कोणी बाजारातल्या डॉक्टरांकडे पळालं. ते एका गावी पेशंट बघायला गेले होते. माझे ओठ निळे पडले होते असं नंतर आईने सांगितलं. मला एवढंच आठवतं की माझे खांदे आपोआप वर-खाली होत होते, आणि आतेने एकदम मान वर करून कान टवकारले. घाटातून गाडी उतरत होती. आते तशीच, काजूच्या राखेने काळ्या झालेल्या हातांनी, रस्त्यावर गेली आणि दोन्ही हात पसरून मधोमध उभी राहिली. "वसंता! थांबव गाडी! चेडू जाता माझा!"

बाबांनी मला उचलून पहिल्या बाकावर ठेवलं, आई माझ्यामागे चढली. गाडी भरलेली होती. कंडक्टर राणेकाकांनी घंटेची दोरी हातात धरली ती धरलीच, एकदाही ओढली नाही. फोंड्यापासून कणकवलीपर्यंत तीन-चार ठिकाणी लोक उतरायचे असतात. एकेक थांबा मागे पडत गेला आणि कोणी ब्र काढला नाही. टोपली घेतलेली एक म्हातारी उठून उभी राहिली होती. तिचं गाव गेलं तेव्हा ती परत बसली आणि म्हणाली, "माका पुढे उतरूक चलात. आधी चेडवाक पोचव रे बाबा." बाबा एरवी हॉर्न वाजवण्याच्या विरुद्ध होते, जे तो वाजवतात त्यांना गाडी चालवता येत नाही म्हणत. त्या दिवशी त्यांचा हात हॉर्नवरून उठला नाही. समोरच्या लहान आरशात त्यांचे डोळे दर वळणाला माझ्यावर येत होते. मला त्यांना सांगायचं होतं की रस्त्याकडे बघा, पण सांगायला हवा नव्हती. गाडी स्टँडला न जाता सरळ सरकारी दवाखान्याच्या दारात उभी राहिली. त्याबद्दल नंतर डेपोत त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. 'सदर फेरीत एक महिला प्रवासी अत्यवस्थ झाल्याने' असं त्यांनी लिहिलं. ती महिला प्रवासी आपली मुलगी होती हे कुठेही लिहिलं नाही.

एक इंजेक्शन दंडात, एक शिरेतून सावकाश, नाकातोंडावर ऑक्सिजन. हळूहळू दोरखंड सैल पडला. तरुण डॉक्टर होते. त्यांनी दम्याचा झटका म्हणून सांगितलं, आणि जाण्याआधी सहज म्हणून बॅटरी माझ्या नाकात मारली. "हिला दोन्ही बाजूंना काहीतरी लोंबतंय," ते म्हणाले. "हे इथे व्हायचं नाही. कोल्हापूरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा."

कोल्हापूरला जायला महिना लागला, आणि त्या महिन्यात घराने आपापले निकाल लावून टाकले. आतेच्या मते दोष धुराचा आणि बांगड्याचा. तिने देवळात गाऱ्हाणं घातलं आणि माझं म्हावरं बंद केलं. सगळ्यांच्या ताटात सुरमईची तुकडी आणि माझ्या ताटात कुळथाची पिठी. चव तशीही लागत नव्हती, पण नाकारल्याचा संताप लागायचा. मी ताट सोडून उठायची, अंगणात जायची, परत यायची. पुन्हा तसा झटका आला तर, ही धास्ती होतीच. दीर्घ श्वास आला तरी छाती वाजते का म्हणून मी कान देऊन ऐकायची. आई मात्र काहीच म्हणत नव्हती. ती त्या दिवसापासून फार कमी बोलू लागली होती. आतेने बांगड्याला शिव्या दिल्या की ती उठून आत जायची. मला वाटायचं, ती माझ्या आजाराला कंटाळली.

कोल्हापूरला बाबा रजा टाकून प्रवासी म्हणून आले. गाडी दुसराच ड्रायव्हर चालवत होता. घाटाच्या प्रत्येक वळणावर बाबांचा उजवा पाय बाकाखाली ब्रेक दाबत होता. डॉक्टर वयस्क होते. कपाळावर बांधलेला, मध्ये भोक असलेला गोल आरसा, हातात नाकपुडी फाकवायचा चिमटा. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग एका बोथट सळईने आत काहीतरी हलवलं. "दुखतंय?" मी मान हलवली, नाही. मला स्पर्शसुद्धा कळला नव्हता. त्यांनी आईला पुढे बोलावलं. "या, बघा तुम्ही पण." आई दचकली, पण वाकली. "सोललेल्या द्राक्षासारखं दिसतंय ना?"

आईने थोडा वेळ पाहिलं. "अडसरातली कवळी साय कशी असता, तशी दिसता," ती पुटपुटली. कोवळ्या शहाळ्यातलं ते ओलं, अर्धपारदर्शक खोबरं.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "लोक म्हणतात मांस वाढलं. हे मांस नव्हे. नाकाच्या आतलं अस्तर वर्षानुवर्षं सुजून राहतं, त्यात पाणी साचतं, आणि ते असं थैलीसारखं लोंबायला लागतं. हा वाईट रोग नाही. दोन्ही बाजूंना आहे, दुखत नाही, रक्त येत नाही. एकाच बाजूला असतं, रक्त येत असतं, तर मला काळजी वाटली असती. वास वरच्या भागात कळतो आणि तिथपर्यंत हवाच पोचत नाही, म्हणून हिला वास येत नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता मला नीट सांगा. तो दम लागला त्याच्या आधी तासाभरात हिने काय काय घेतलं होतं?"

"धूर होता," बाबा म्हणाले. "काजूचा. आणि जेवणात बांगडा."

"बांगडा आधी कधी खाल्ला नव्हता?"

"जन्मापासून खातंय," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते 'जद्बापासूद' असं निघालं. डॉक्टर हसले नाहीत.

आईने पदराचं टोक पुढे घेतलं. त्याला गाठ होती. गाठ इतकी घट्ट होती की ती सोडायला वेळ लागला. आत दुकानाच्या कागदात गुंडाळलेल्या तीन पांढऱ्या गोळ्या होत्या. तिने त्या टेबलावर ठेवल्या. "ह्यातल्यो दोन दिलंय," ती म्हणाली, "मीच दिलंय माझ्या हातान. त्याच्या मगे झाला ता. मी कोणाक सांगूक नाय." महिनाभर ती त्या गोळ्या गाठीला बांधून हिंडत होती. मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

डॉक्टरांनी एक गोळी हातात घेऊन पाहिली. "बाई, हे तुम्ही आणलंत ते फार चांगलं केलंत," ते म्हणाले. "नाकात अशा थैल्या, दम्याची छाती आणि या गोळीचं वावडं, ही तिन्ही काही लोकांत एकत्र असतात. तुम्हाला कसं ठाऊक असणार? घरोघर देतात ही गोळी. पण आता ठाऊक झालं. पुन्हा दिली असती तर कदाचित दवाखाना गाठता आला नसता. मासे खाऊ दे तिला."

त्यांनी आधी छाती शांत केली. सूज उतरवायच्या गोळ्या आठ-दहा दिवस दिल्या, आणि मग बोलावलं. भूल द्यायची नव्हती. खुर्चीत बसवून औषधात भिजवलेल्या पट्ट्या नाकात खोल सारल्या, घशापर्यंत बधिर झालं. बारीक तारेचा फास आत जायचा, डॉक्टर तो आवळायचे, आणि माझ्या डोक्याच्या आत ओला, चिरडल्यासारखा आवाज यायचा. दुखत नव्हतं, पण तो आवाज. बाबा दुसऱ्या आवाजाला बाहेर गेले. आई माझा हात धरून बसली होती. ट्रेमध्ये पडणाऱ्या फिकट गोळ्यांकडे ती एकटक बघत होती. एवढं सगळं माझ्या नाकात मावलं होतं यावर माझाही विश्वास बसेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "घे श्वास." मी तोंड मिटलं आणि नाकाने हवा ओढली. ती गार हवा थेट कपाळाच्या मागे जाऊन आपटली. मी इतकी घाबरले की लगेच सोडून दिली, मग पुन्हा घेतली, आणि पुन्हा. तीन श्वास मिळाले असतील. लगेच त्यांनी रक्त थांबायला नाक पट्ट्यांनी ठासून भरलं, आणि पुढचे दोन दिवस आधीपेक्षाही वाईट गेले. दवाखान्यामागच्या खोलीत मी खाटेवरून खिडकीकडे, खिडकीपासून दाराकडे फिरत राहिले. हवा काय असते हे एकदा कळल्यावर ती नसणं जास्त जाचक होतं.

पट्ट्या काढल्यावर चौथ्या दिवशी सकाळी झाडलोट करणारी बाई लादी पुसत होती, आणि मला काहीतरी झोंबलं. मी उठून बसले. फिनेल. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्या बिचारीला वाटलं माझ्या डोळ्यांत शिंतोडा उडाला, ती पदराने माझं तोंड पुसू लागली आणि मी तिच्या बादलीकडे झुकत होते.

निघताना डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. "हे परत येऊ शकतं," ते म्हणाले. "मी थैल्या काढल्या, सुजायची खोड काढता येत नाही." आणि ते परत आलंच. त्यानंतर दोनदा माझं ऑपरेशन झालं, दोन्ही वेळा दुर्बीण घालून, पूर्ण भूल देऊन, आतल्या पोकळ्या मोकळ्या करून. रोज सकाळी मी बेसिनपाशी वाकून उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुते आणि दोन्हीकडे फवारा मारते. नातू त्याला आजीची पिचकारी म्हणतो. आता तर ज्यांचं वारंवार येतं त्यांच्यासाठी दोन आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनंही निघाली आहेत, असं माझ्या डॉक्टरीणबाई सांगतात. वास येतो-जातो. तो गेला की मी अजूनही घरभर फिरत राहते, हे नवऱ्याला इतक्या वर्षांनी कळलंय.

पण त्या वर्षाचा शेवट माझ्यासाठी कोल्हापूरला झाला नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीतल्या औषधाचं नाव लाल शाईने लिहून दिलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. तिने ते नाव त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेतलं होतं, आणि परतीच्या गाडीत घाट उतरेपर्यंत ती ओठ हलवत होती. भाद्रपदात मला ताप आला. बाबा ड्युटीवर होते, म्हणून आईच मला एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि कपाटातल्या बरण्यांतून गोळ्या काढून कागदाच्या पुड्या बांधल्या. आई नेहमीसारखी भिंतीशी पदर ओढून उभी होती. पुड्या माझ्या हातात आल्या तेव्हा ती पुढे आली.

"डाक्टर," ती म्हणाली, "ह्यात ॲस्पिरिन आसा काय?"

डॉक्टरांनी वर पाहिलं. "तापाचं औषध आहे बाई. काही होत नाही त्याने."

"आसा काय नाय, ता सांगा."

बाकावर बसलेले लोक बघायला लागले. मी तिचा पदर ओढला, "आये, चल," म्हटलं. तिने माझा हात बाजूला केला. तिचा आवाज चढला नव्हता, पण तो दवाखान्याबाहेरच्या ओट्यापर्यंत जात असावा.

"एकदा मी माझ्या हातान दिलंय," ती म्हणाली. "आता दुसऱ्या कोणाक दिवक देवचंय नाय. चेडवाच्या नाकात साय धरता, छाती भरता, आणि ह्या गोळयेन ता मरता. कोल्हापूरच्या डाक्टरान सांगितलानी हा. उघडा ती पुडी."

डॉक्टरांनी माझ्या हातातल्या पुड्या परत घेतल्या, एकेक उघडली, प्रत्येकीतली पांढरी गोळी वेचून बाजूला काढली आणि त्या जागी दुसरी घातली. आई टेबलाशी उभी राहून प्रत्येक पुडी बघत होती. शेवटची बांधून झाल्यावरच ती बाकावर येऊन माझ्याशेजारी बसली, आणि मला गोळ्या दिल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "चल, बाजारातसून जाव या. बांगडे इले असतीत."